गव्हाच्या काडावर बुरशी जोमाने वाढली, पण सायट्रिक आम्ल मिळत नाही: चूक कोठे होत असावी?

तृणांकुर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि पिकांच्या अवशेषांपासून बुरशीच्या किण्वनाने सायट्रिक आम्ल मिळवणे हा विषय प्रकल्पासाठी घेतला आहे. शेतात उरणारे काड जाळले जाते हे लहानपणापासून पाहत आले आहे. त्यात कर्बोदके भरलेली असताना त्याचा धूर व्हावा याची मला मनापासून खंत वाटते, आणि त्यामुळेच हा विषय अर्धवट सोडण्याची माझी तयारी नाही.

मी केलेली कृती अशी आहे. गव्हाचे काड दळून साधारण एक मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून घेतले. 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये 10 ग्रॅम कोरडी भुकटी घेतली आणि अमोनियम सल्फेट, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट व मॅग्नेशियम सल्फेट विरघळवलेल्या पाण्याने ती 70 टक्के ओलाव्यापर्यंत भिजवली. 121 अंश सेल्सिअसला 20 मिनिटे ऑटोक्लेव्ह करून, थंड झाल्यावर अ‍ॅस्परजिलस नायजरच्या बीजाणूंचे पाणी घातले आणि फ्लास्क 30 अंशांवर सात दिवस ठेवले. दुसऱ्या दिवशी काडाच्या कणांवर पांढरे तंतू दिसू लागले आणि चौथ्या दिवशी तर संपूर्ण थर काजळी धरावी तसा काळाभोर झाला. वाढ पाहून मला वाटले होते की आम्लही भरपूर मिळेल.

प्रत्यक्षात चौथ्या दिवशी 100 मिली पाणी घालून, तासभर हलवून आणि गाळून टायट्रेशन केले, तेव्हा आम्ल अगदी थोडे निघाले. सामू (pH) सुरुवातीला 6.1 होता, तो चौथ्या दिवशी 4.4 पर्यंत उतरला आणि सातव्या दिवशी पुन्हा वर गेला. अर्क गडद तपकिरी असल्यामुळे फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग नेमका केव्हा आला हेही मला खात्रीने सांगता येत नाही. सात दिवसांनी भुकटी वाळवून तोलली असता वजनात जेमतेम एक ग्रॅम घट दिसली.

माझे प्रश्न दोन आहेत. बीजाणू वाढवले किंवा दिवस वाढवले तर आम्ल वाढेल का? आणि साखर किंवा मळी वापरून ही बुरशी इतके आम्ल देते, तर काडावर ती का देत नाही?


किण्वनवाट यांचे उत्तर

आपण कृती तपशिलाने लिहिलीत म्हणून उत्तर देणे सोपे झाले. दिवस किंवा बीजाणू वाढवून आम्ल वाढणार नाही, आणि त्याचे कारण आपल्याच शेवटच्या आकड्यात आहे. दहा ग्रॅममधून एकच ग्रॅम घटला, याचा अर्थ बुरशीने काडाचा मुख्य भाग जवळजवळ खाल्लेलाच नाही. काडात थोडी मोकळी साखर असते, थोडे स्टार्च असते आणि हेमिसेल्युलोजचे काही सहज सुटणारे धागे असतात. तेवढ्यावर तिने तंतू वाढवले, बीजाणू धरले आणि ती थांबली. डोळ्यांना दिसणारी काळी साय खरी होती, मात्र एवढी मोठी वाढ दाखवायला बुरशीला फार थोडे अन्न पुरते.

गव्हाच्या काडात कोरड्या वजनाच्या साधारण 35 ते 40 टक्के सेल्युलोज, 25 ते 30 टक्के हेमिसेल्युलोज आणि 15 ते 20 टक्के लिग्निन असते. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच साखळी, परंतु या साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून स्फटिकासारख्या बसलेल्या असतात, त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोजचे जाळे असते आणि त्या सगळ्यावर लिग्निनचा लेप असतो. रोपाला उभे ठेवणे आणि कुजण्यापासून वाचवणे हेच या रचनेचे काम आहे, आणि ते ती उत्तम करते. अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी हेमिसेल्युलोज तोडणारी विकरे (एन्झाइम) चांगली बनवते, साखळीचे शेवटचे छोटे तुकडे तोडून ग्लुकोज देणारे बीटा-ग्लुकोसिडेज हे विकरही भरपूर बनवते, पण स्फटिकरूप सेल्युलोज फोडण्यात ती कमी पडते. ते काम ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीचे आहे. गंमत अशी की ट्रायकोडर्मात नेमके बीटा-ग्लुकोसिडेज कमी असते, त्यामुळे दोन ग्लुकोजची जोडी, म्हणजे सेलोबायोज, साठत जाते आणि तीच पुढचे काम मंदावते. म्हणूनच या दोन बुरशींची विकरे एकत्र वापरण्याची पद्धत पडली आहे.

आता आपल्याला जे थोडे आम्ल मिळाले त्याविषयी. माझा अंदाज आहे की ते सायट्रिक आम्ल नसावे. सामू 5 ते 6 च्या आसपास असताना ही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल बनवते, कारण ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट तोडून ऑक्झॅलेट देणारे तिचे विकर त्या सामूला कार्यरत असते. सामू 3 च्या खाली गेला की ते थांबते. ग्लुकोजचे ग्लुकोनिक आम्ल करणारे विकरही तितक्या आम्लात टिकत नाही, आणि मग कर्बाचा ओघ सायट्रिक आम्लाकडे वळतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जेम्स करी यांनी 1917 मध्ये दाखवले ते हेच. सामू 2.5 ते 3.5 इतका कमी ठेवला तरी ही बुरशी उत्तम वाढते, ऑक्झॅलिक आम्ल दबते आणि बाहेरचे जंतूही शिरत नाहीत. लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल काढण्याच्या जुन्या धंद्याला पर्याय उभा राहिला तो या निरीक्षणावर. आपण सामू 6.1 वर सुरुवात केलीत, म्हणजे पहिल्याच दिवशी बुरशीला वेगळी वाट दाखवलीत.

मी सांगतो त्यावर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा. खर्च काही नाही. गाळलेला अर्क अमोनियाने उदासीन करा आणि थंड असतानाच त्यात कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण घाला. पांढरा साका आला तर तो फॉस्फेटचाही असू शकतो, कारण आपण माध्यमात फॉस्फेट घातले आहे. म्हणून त्यावर पातळ अ‍ॅसिटिक आम्ल घाला. फॉस्फेटचा साका विरघळेल आणि ऑक्झॅलेटचा तसाच राहील. तो साका गाळून, पाण्याने नीट धुऊन, कोमट पातळ सल्फ्युरिक आम्लात विरघळवा आणि 60 ते 70 अंशांवर पोटॅशियम परमँगनेटचा थेंब टाका. जांभळा रंग नाहीसा झाला तर ते ऑक्झॅलेटच. धुण्यात हयगय नको, कारण काडातली फिनॉलवर्गीय द्रव्ये उरली तर तीही हा रंग घालवतात. त्यानंतर साका काढून टाकलेले द्रावण पुन्हा उदासीन करून उकळा. कॅल्शियम सायट्रेटचा गुण असा की ते गरम पाण्यात थंडपेक्षा कमी विरघळते, त्यामुळे पुरेसे सायट्रिक आम्ल असेल तर उकळी आल्यावर द्रावण गढूळ होईल.

आणखी एक गोष्ट राहू नये. बुरशी न घातलेला, पण बाकी सर्व तसेच केलेला एक फ्लास्क नेहमी ठेवा. काडाच्या हेमिसेल्युलोजवर अ‍ॅसिटिल गट असतात आणि ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने त्यांतून थोडे अ‍ॅसिटिक आम्ल मोकळे होते. ते वजा केल्याशिवाय आपले टायट्रेशन बुरशीविषयी काहीच सांगत नाही. गडद अर्कासाठी फिनॉल्फ्थॅलीन सोडून द्या आणि सामूमापक बुडवून 8.2 पर्यंत अल्कली घाला.


वस्तुमान यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी केवळ हिशेबाची बाजू मांडतो, कारण या विषयात उत्साहाने सुरू केलेले बरेच प्रकल्प हिशेब उशिरा केल्यामुळे अडतात, आणि त्यात माझाही एक होता.

समजा 100 ग्रॅम कोरडे काड आहे आणि त्यात 38 ग्रॅम सेल्युलोज आहे. सेल्युलोज तुटताना प्रत्येक कडीत पाण्याचा एक रेणू मिळतो, म्हणून वजन 1.11 पट होते आणि सगळे तुटले तर 42 ग्रॅम ग्लुकोज मिळते. चांगल्या पूर्वप्रक्रियेनंतर विकरांनी 80 टक्के काम केले तर हातात 34 ग्रॅम येतात. येथपर्यंत चित्र सुंदर आहे. पण ही साखर किती पाण्यात आहे? दळलेले काड पाणी इतके शोषते की 10 टक्के घन भाग असलेले मिश्रणही ढवळायला जड जाते. त्या हिशेबाने कच्च्या काडाचे 100 ग्रॅम घेतले तर एका लिटरला 35 ते 40 ग्रॅम साखर, आणि अल्कलीने लिग्निन काढून उरलेल्या 60 ग्रॅम घन भागावर काम केले तर 55 ते 60 ग्रॅम. सायट्रिक आम्लाच्या किण्वनाला मात्र लिटरला 120 ते 150 ग्रॅम साखर लागते. साखर कमी असेल तर बुरशी ती वाढीवर खर्च करते आणि आम्ल साठवत नाही. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. मळीत साखर मोकळी असते आणि दाटही असते.

उरलेले अर्धे उत्तर मँगनीज या धातूत आहे. द्रवरूप किण्वनात अ‍ॅस्परजिलस नायजरला सायट्रिक आम्ल बनवायला लावायचे असेल, तर मँगनीज लिटरला काही मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असून चालत नाही. मळीतले धातू बांधण्यासाठी कारखान्यांत पोटॅशियम फेरोसायनाइड घालतात ते यासाठीच. काडाच्या राखेत मँगनीज सहज असते. घनस्थितीतील, म्हणजे आपण केलेत तशा ओल्या भुकटीवरील, किण्वनात बुरशी धातूंना इतकी हळवी राहत नाही आणि तीनचार टक्के मिथेनॉल घातल्याने हा त्रास आणखी कमी होतो, हे खरे आहे. तरीही साखर कुलूपबंद असण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आता पूर्वप्रक्रियेविषयी, कारण कुलूप उघडते ते तेथे. प्रयोगशाळेत सर्वांत सोपी वाट अल्कलीची आहे. दीड टक्का सोडियम हायड्रॉक्साइडच्या एक लिटर द्रावणात 100 ग्रॅम काड घालून 121 अंशांवर अर्धा तास ठेवले की लिग्निनचा मोठा भाग विरघळतो आणि हातात मऊ, फिकट, ओल्या कापसासारखा लगदा येतो. तो पहिल्यांदा बोटांत धरला तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्यानंतर धुणे सुरू केले. पहिले पाणी काळे, दुसरे कोऱ्या चहासारखे, तिसरे पिवळसर, आणि सामू 7 पर्यंत यायला बादलीभर पाणी संपले. शंभर ग्रॅम काडामागे 15 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे एक टन काडामागे 150 किलो. ते परत मिळवण्याची सोय नसेल तर जमिनीत किंवा नाल्यात जाणारा क्षार आपणच निर्माण केला असे होते. चुना सौम्य आहे आणि वेळ जास्त घेतो, पण त्याचा निचरा करणे सोपे जाते. अमोनिया उडून जातो, म्हणून तो पुन्हा पकडून वापरता येतो. भाताच्या पेंढ्यात सिलिका फार असते आणि ती अल्कलीत विरघळते. यामुळे विकरांचा मार्ग मोकळा होतो, पण लिग्निन विरघळलेल्या काळ्या द्रवातून रसायने परत मिळवताना तीच सिलिका भांड्यांवर बसते.

आम्ल किंवा वाफेची वाट घेतली तर वेगळी अडचण येते. 180 ते 210 अंशांच्या वाफेने काड दाबून एकदम मोकळे सोडले की तंतू फुटतात आणि हेमिसेल्युलोज सुटते, परंतु त्याच उष्णतेत झायलोजपासून फरफ्युरल आणि ग्लुकोजपासून हायड्रॉक्सिमेथिलफरफ्युरल तयार होते. ही द्रव्ये बुरशीला विषारी आहेत. थोड्या प्रमाणात असतील तर वाढ दिवसभर लांबते आणि जास्त असतील तर बीजाणू फुटतच नाहीत. रॉकेलच्या टाक्यांत वाढणारी अ‍ॅमॉर्फोथेका रेझिनी ही बुरशी ही द्रव्ये खाऊन टाकते, म्हणून काही संशोधक तिला आधी काडावर सोडतात आणि मग मुख्य किण्वन करतात. मला ही कल्पना फार आवडते, कारण येथे रसायनाने केलेली घाण एक जीव साफ करतो आणि पाणी वाढत नाही.

लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशींनीच लिग्निन काढावे असेही सुचवले जाते. फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम लिग्निन तोडते हे खरे, आणि तिच्यात सापडलेल्या लिग्निन पेरॉक्सिडेजने 1983 पासून या क्षेत्राला नवी दिशा दिली. पण तिला तीन ते पाच आठवडे लागतात आणि लिग्निनसोबत ती सेल्युलोजही खाते. सेरिपोरिऑप्सिस सबव्हर्मिस्पोरा त्या मानाने साखर राखून लिग्निनवर काम करते. आपल्या प्रकल्पाची मुदत एका सत्राची असेल तर मात्र हा मार्ग आपल्याला पुरणारा नाही.


तृणांकुर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मी चाचणी केली. थंड अर्कात कॅल्शियम क्लोराइड घालताच दाट पांढरा साका बसला. अ‍ॅसिटिक आम्ल घातल्यावर थोडा विरघळला, पण बराचसा तसाच राहिला. तो धुऊन, सल्फ्युरिक आम्लात गरम करून परमँगनेट टाकले तेव्हा पहिला थेंब क्षणभर तसाच राहिला आणि नंतरचे थेंब पडताक्षणी रंगहीन झाले. उरलेले द्रावण उकळूनही स्वच्छ राहिले. म्हणजे मी आठवडाभर ऑक्झॅलिक आम्ल बनवत होते आणि वहीत त्याला सायट्रिक लिहीत होते. मार्गदर्शकांना मी ते जसेच्या तसे दाखवले.

बुरशी न घातलेला फ्लास्कही केला. त्यातही थोडी आम्लता निघाली, त्यामुळे माझा मूळ आकडा आणखी खाली आला.

आता सामू 2 वर ठेवून पुन्हा करावे असे मनात आहे, पण एक शंका येते. ट्रायकोडर्माची विकरे बाहेरून घातली तर ती इतक्या आम्लात काम करतील का?


कवकजाल यांचे उत्तर

पहिला थेंब थांबतो तो परमँगनेटचा स्वभाव आहे. मँगनीजचे आयन थोडे तयार झाले की तेच पुढची क्रिया वेगाने घडवतात. आपण ते बारकाईने टिपलेत.

आपली शंका रास्त आहे आणि या विषयाचा खरा तिढा तीच आहे. ट्रायकोडर्माची सेल्युलेजे, म्हणजे सेल्युलोज तोडणारी विकरे, 50 अंश तापमानाला आणि 5 च्या आसपासच्या सामूला सर्वांत चांगली चालतात. सायट्रिक आम्ल देणाऱ्या बुरशीला 30 अंश आणि 2 ते 3 सामू हवा. दोघांना एकाच भांड्यात नांदवायचे ठरवले तर दोघांचीही कुचंबणा होते. वेगवेगळ्या भांड्यांत करायचे ठरवले तर आधी साखरेचे पाणी काढा, ते आटवून दाट करा, धातू काढा आणि मग किण्वन करा, एवढा पसारा होतो. सायट्रिक आम्लाचे जागतिक उत्पादन वर्षाला 20 लाख टनांहून अधिक असूनही ते मुख्यतः मळी आणि मक्याच्या स्टार्चच्या साखरेवर चालते, यामागे हेच कारण आहे.

म्हणून माझा सल्ला असा आहे की रसायन आधी ठरवून काड त्यात बसवू नका. काडातून साखर ज्या दाटीने, ज्या सामूला आणि ज्या अशुद्धीसह निघते, ती जिला मानवेल अशी बुरशी निवडा आणि ती जे देईल ते आपले उत्पादन समजा.

या कसोटीवर रायझोपस ओरायझी मला सर्वांत जवळची वाटते. ती लॅक्टिक आम्ल देते, तेही केवळ एल-रूपात, आणि जैवप्लास्टिकसाठी त्याच शुद्ध रूपाला महत्त्व आहे. तिला सामू 5 ते 6 चालतो, तापमान 30 ते 37 अंश चालते आणि लिटरला 50 ते 60 ग्रॅम साखर तिला उत्तम पुरते. म्हणजे विकरे आणि बुरशी एकाच भांड्यात 36 अंशांच्या आसपास ठेवता येतात. विकरे थोडी सावकाश चालतील, पण तयार होणारी साखर बुरशी लगेच उचलत असल्याने सेलोबायोज व ग्लुकोज साठून विकरे अडण्याचा प्रश्न सौम्य होतो. आम्ल तयार होईल तसा सामू उतरू नये म्हणून कॅल्शियम कार्बोनेट घालावे लागते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू होतात, त्यामुळे कागदावर एका ग्रॅमला एक ग्रॅम मिळते. प्रत्यक्षात काही साखर तंतूंकडे, काही इथेनॉलकडे आणि काही फ्युमॅरिक आम्लाकडे जाते. नत्र फार कमी ठेवला तर काही वाण फ्युमॅरिक आम्लाकडेच झुकतात. झायलोजही ती वापरते, पण ग्लुकोज संपल्यावर आणि मंदपणे.

इटॅकोनिक आम्लाचा मोह मला स्वतःला झाला होता. अ‍ॅस्परजिलस टेरियस ही बुरशी ते बनवते, त्यापासून उत्तम बहुवारिके (पॉलिमर) होतात, आणि सायट्रिक आम्लापेक्षा ते मौल्यवान आहे. पण ती काडाच्या साखरेतील अशुद्धींना फार हळवी आहे, तिलाही मँगनीज सोसत नाही, आणि ग्लुकोजच्या एका ग्रॅमला सैद्धांतिक कमाल 0.72 ग्रॅमच आहे. पहिल्या प्रकल्पासाठी मी ते सुचवणार नाही.

आणखी एक वाट अशी आहे की साखर मोकळी करण्याच्या भानगडीत न पडता काड खाण्याचे कामच उत्पादन मानावे. ट्रायकोडर्मा काडावर वाढवली की सेल्युलेज मिळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कापड कुजत होते. त्या कुजण्याचा शोध घेताना ही बुरशी हाती लागली, आणि अमेरिकेतील नेटिक येथील सैन्याच्या प्रयोगशाळेत एल्विन रीस व मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले. तिच्या नावातले रीसाय हे रीस यांच्यावरून आले आहे. कापड नासवणाऱ्या बुरशीचे वंशज आज विकरांच्या टाक्यांत वाढतात, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगते.

कोंड्याविषयीही एक वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही. गव्हाच्या आणि मक्याच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल हेमिसेल्युलोजला बांधलेले असते. अ‍ॅस्परजिलस नायजर त्याचे व्हॅनिलिक आम्ल करते आणि पिक्नोपोरस सिनाबारिनस ही नारिंगी बुरशी त्यापासून व्हॅनिलिन बनवते. हे दोन टप्प्यांचे काम 1990 च्या दशकात फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले. येथे उत्पादन थोडे निघते, पण थोड्यालाही मोल असते.

शेवटी उत्पादन वेगळे करण्याविषयी, कारण आपल्या अहवालात हा विभाग असायलाच हवा. कॅल्शियम लॅक्टेटवर सल्फ्युरिक आम्ल घालून लॅक्टिक आम्ल मोकळे केले तर प्रत्येक किलो आम्लामागे जवळजवळ एक किलो जिप्सम उरते. त्या जिप्समचे काय करायचे हे लिहिल्याशिवाय काडापासून रसायन मिळवले असा दावा मी तरी मान्य करणार नाही.


सूक्ष्मदर्शी

मला केवळ सुरक्षिततेविषयी सांगायचे आहे. काड शेतातून येते आणि त्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हससारख्या अफ्लाटॉक्सिन बनवणाऱ्या बुरशी आधीच असू शकतात. फ्लास्कमध्ये पिवळसर हिरवी वाढ दिसली तर तो न उघडता ऑटोक्लेव्ह करावा. अ‍ॅस्परजिलस नायजरचे काही वाणही ऑक्राटॉक्सिन बनवतात, म्हणून किण्वनानंतर उरलेला भुसा जनावरांना घालण्याचा विचार तपासणीशिवाय करू नये. रायझोपसमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्या किंवा मधुमेह आटोक्यात नसलेल्या व्यक्तींना म्युकरमायकोसिस होऊ शकतो. बीजाणू धरलेला फ्लास्क उघड्या टेबलावर हलवू नका, जैवसुरक्षा कपाटातच उघडा, आणि आपल्या गटात अशी व्यक्ती असेल तर तिला हे काम देऊ नका.


तृणांकुर

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. मार्गदर्शकांच्या संमतीने रायझोपस ओरायझी घेतली. काड चुन्याने सावकाश प्रक्रिया करून धुतले, त्यामुळे काळे पाणी कमी निघाले. सेल्युलेज आणि बीटा-ग्लुकोसिडेज एकत्र घालून आधी एक दिवस 50 अंशांवर ठेवले, मग 36 अंशांवर आणून बीजाणू आणि कॅल्शियम कार्बोनेट घातले. पहिल्या दिवशी तळाशी खडूचा पांढरा थर होता. तिसऱ्या दिवशी तो खूपच पातळ झाला होता आणि फ्लास्क हलवला की बारीक बुडबुडे येत होते. उरलेला कार्बोनेट गाळून तोलला आणि जेवढा खर्ची पडला त्यावरून आम्लाचा अंदाज काढला. पक्का आकडा क्रोमॅटोग्राफीनंतर मिळेल.

दोन गोष्टी खटकल्या. एक, फ्लास्क उघडताना मद्यार्काचा स्पष्ट वास येतो. दुसरी, काही फ्लास्कांत बुरशीचे मोत्यांएवढे गोळे झाले आहेत, तर काहींत काडाचे कण गुंडाळून एकच मोठा लोळा झाला आहे. वास लोळा झालेल्या फ्लास्कांतच अधिक आहे.


कवकजाल

आपण दोन निरीक्षणे लिहिली आहेत, पण त्यांचे कारण एकच आहे. लोळ्याच्या आतल्या तंतूंना प्राणवायू पोहोचत नाही, आणि प्राणवायू कमी पडला की रायझोपस लॅक्टिक आम्लाऐवजी इथेनॉल बनवू लागते. 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये द्रव 50 मिलीपेक्षा अधिक घेऊ नका आणि हलवण्याचा वेग वाढवा. बीजाणू सरळ काडाच्या मिश्रणात न घालता आधी ग्लुकोजच्या स्वच्छ माध्यमात बारीक गोळे होईपर्यंत वाढवा, आणि ते गोळे बीज म्हणून घाला. गोळ्याचा व्यास एक मिलिमीटरच्या आत राहिला तर उत्तम. क्रोमॅटोग्राफी करताना लॅक्टिक आम्लासोबत इथेनॉल आणि फ्युमॅरिक आम्लही मोजा. तिन्हींची बेरीज आणि उरलेली साखर मिळून मूळ ग्लुकोजशी ताळा लागतो का, ते येथे कळवा.